मोटारीचे टायर बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल-मेपासून टायरविषयीचे प्रश्न वाढू लागतात आणि पहिला जोरदार पाऊस झाला की रोज येतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरे हॅचबॅक, सेडान आणि लहान-मध्यम एसयूव्ही धरून लिहिली आहेत. आमचा क्रम आधीच सांगतो: ओल्या रस्त्यावरची पकड पहिली, आयुष्य दुसरे, किंमत तिसरी. पुढची बरीच उत्तरे याच क्रमातून आली आहेत.

१. टायर बदलायची वेळ झाली हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

टायरच्या उभ्या खोबणींच्या तळाशी ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून या उंचवट्यांच्या पातळीला आली, की खोली १.६ मिमी उरलेली असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटारीसाठी हीच किमान मर्यादा आहे. त्याखालचा टायर बेकायदा ठरतो.

कायद्याची मर्यादा आणि सुरक्षित मर्यादा मात्र वेगळ्या आहेत. नव्या टायरची खोली साधारण ७ ते ८ मिमी असते. ती ३ मिमीच्या खाली गेली की ओल्या रस्त्यावर ब्रेकचे अंतर झपाट्याने वाढते, कारण खोबणींना पाणी बाहेर फेकायला जागा उरत नाही. म्हणून जूनच्या तोंडावर ३ मिमी किंवा कमी उरले असेल, तर टायर बदलाच. तेच ३ मिमी ऑक्टोबरमध्ये असतील, तर कोरड्या महिन्यांत वापरून मे महिन्यात बदलता येतील.

मोजायला खोली मापायचा गेज उत्तम. नसेल तर माचिसची काडी खोबणीत उभी घाला, नखाने खूण करा आणि पट्टीवर मोजा. प्रत्येक टायर आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला अशा तीन जागी मोजा. आतली कड उभ्याने दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि खाली वाकून बघा, बहुतेकांची फसगत तिथेच होते.

२. नक्षी भरपूर आहे, पण टायर सात वर्षांचे आहेत. चालतील का?

सात वर्षांच्या टायरवर पावसाळ्यात भरवसा ठेवू नका. रबर उभ्या गाडीतही कडक होत जाते, आणि कडक रबर ओल्या डांबराला चिकटत नाही. आपल्याकडच्या उन्हात ही प्रक्रिया लवकर होते, त्यातही गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर आणखी लवकर.

वय टायरवरच लिहिलेले असते. बाजूच्या भिंतीवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणारी ओळ शोधा. शेवटचे चार आकडे २३१९ असतील, तर टायर २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला आहे. हे चार आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात. बाहेरून दिसले नाहीत, तर गाडीच्या आतल्या बाजूला असतील.

पाच वर्षे झाली की दरवर्षी टायर तपासून घ्या. बाजूच्या भिंतीवर किंवा खोबणींच्या तळाशी केसासारख्या भेगा दिसल्या, तर कितीही नक्षी उरलेली असो, टायर काढा. भेगा नसल्या तरी सहा-सात वर्षांनंतर रोजच्या गाडीवर टायर ठेवू नयेत असे आमचे मत आहे.

३. '१८५/६५ आर १५ ८८ एच' म्हणजे नेमकं काय?

१८५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ८८ हा भारांक आहे: एक टायर ५६० किलो पेलू शकतो (८२ म्हणजे ४७५ किलो, ९१ म्हणजे ६१५). शेवटचे अक्षर कमाल वेग सांगते: टी १९०, एच २१०, व्ही २४० किमी प्रतितास.

नवा टायर घेताना भारांक आणि वेगाचे अक्षर मूळ टायरइतके किंवा त्याहून वरचे हवे, खालचे कधीच नको. मूळ आकडे चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असतात. गाडी सेकंडहँड असेल, तर सध्या बसवलेल्या टायरवरून साइज ठरवू नका. आधीच्या मालकाने ती बदललेली असू शकते.

४. पकड, आयुष्य आणि किंमत यांत काय निवडू? दुकानदार तर तिन्ही मिळतील म्हणतो.

तिन्ही एकत्र पुरेपूर मिळत नाहीत. मऊ रबर रस्ता धरून ठेवते, पण लवकर झिजते. कडक रबर पन्नास हजार किलोमीटर टिकेल, पण ताम्हिणीच्या ओल्या वळणावर तेच आधी सटकेल. रबराच्या मिश्रणात सिलिका वापरली की ही ओढाताण बरीच कमी होते, मात्र किंमत वाढते. त्यामुळे 'सर्वांत चांगला टायर कोणता' याचे एकच उत्तर नाही. तुमची गाडी वर्षाला किती धावते, हे आधी बघा.

गाडी वर्षाला २०,००० किमी धावत असेल, तर किलोमीटरमागचा खर्च काढा. उदाहरणापुरते: एक टायर ४,८०० रुपयांचा, ३५,००० किमी टिकणारा. दुसरा ६,००० रुपयांचा, ५०,००० टिकणारा. चार टायरचा दर १०,००० किमीमागचा खर्च पहिल्याचा सुमारे ५,५०० रुपये आणि दुसऱ्याचा ४,८०० रुपये. म्हणजे स्वस्त टायर महाग पडला.

गाडी वर्षाला जेमतेम ६,००० किमी धावत असेल, तर हिशेब उलटतो. पन्नास हजार किलोमीटर व्हायला आठ वर्षे लागतील आणि त्याआधीच रबर म्हातारे होईल (प्रश्न २). ज्या आयुष्याचे पैसे मोजले, ते वापरलेच जाणार नाही. अशांनी टिकाऊपणाच्या जाहिराती सोडून द्याव्यात आणि पकड चांगली असलेला टायर घ्यावा. शहरातल्या अनेक घरगुती गाड्या याच गटात येतात, आणि नेमके त्यांनाच 'जास्त टिकेल' म्हणून कडक टायर विकले जातात.

५. पावसातली पकड दुकानात उभं राहून कशी कळणार?

पूर्ण कळत नाही, अंदाज मात्र बांधता येतो. रुंद आणि सलग अशा तीन-चार उभ्या खोबणी असाव्यात, पाणी त्यांतूनच बाहेर पडते. रबराच्या ठोकळ्यांवर बारीक चिरा असाव्यात. मॉडेलच्या माहितीत सिलिकाचा उल्लेख आहे का बघा.

युरोपीय लेबल असलेल्या टायरवर ओल्या रस्त्यावरच्या पकडीची ए ते ई अशी श्रेणी असते. शक्यतो ए किंवा बी घ्या. काही टायरच्या भिंतीवर अमेरिकी पद्धतीचे 'ट्रॅक्शन' अक्षर असते: एए सर्वांत वरचे, मग ए, बी, सी. त्याच ओळीतला 'ट्रेडवेअर'चा आकडा मात्र दोन कंपन्यांमध्ये तुलना करायला वापरू नका. तो ज्याची त्याची कंपनीच जाहीर करते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची तुलना करायला तो उपयोगी पडतो.

भारतातही ओल्या रस्त्यावरची पकड, रोलिंग रेझिस्टन्स (टायर फिरताना होणारा विरोध) आणि आवाज यांचे किमान निकष ठरवणारी एआयएस-१४२ या वाहन-मानकाची अधिसूचना २०२२ मध्ये निघाली. पण तो उत्तीर्ण होण्याचा निकष आहे. त्यावरून दोन टायरमधला अधिक चांगला कोणता, ते कळत नाही.

६. एक सेट किती किलोमीटर चालायला हवा?

नेहमीच्या वापरात ३५,००० ते ५०,००० किमी. पंचवीस हजारांच्या आत संपला, तर बहुधा दोष टायरचा नसून हवा, अलाइनमेंट (चाकांचे कोन) किंवा ब्रेक मारण्याच्या सवयीचा असतो. नवा सेट टाकण्याआधी प्रश्न १५ वाचा, नाहीतर तोही तसाच जाईल.

७. बजेट दोनच टायरचं आहे. नवे पुढे टाकू की मागे?

मागे. गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरी मागेच. याला सर्वांत जास्त विरोध होतो, म्हणून कारण सविस्तर सांगतो.

पाण्याच्या थरावर पुढची चाके तरंगली, तर गाडी वळत नाही, सरळ जाते. ते तुम्हाला स्टिअरिंग हलके झाल्यावर लगेच जाणवते, आणि ॲक्सिलरेटर सोडला की पकड बहुधा परत येते. मागची चाके तरंगली, तर गाडीचे शेपूट बाहेर फेकले जाते आणि गाडी स्वतःभोवती फिरते. ते आधी जाणवत नाही आणि सावरायला वेळही मिळत नाही. म्हणून जास्त खोल नक्षी मागे हवी.

नवे टायर मागे टाकायचे, मागचे बरे टायर पुढे आणायचे आणि पुढचे झिजलेले काढून टाकायचे. दुकानदार 'पुढेच टाकतात सगळे' म्हणाला, तरी आग्रह धरा. पुढे जाणाऱ्या टायरमध्येही किमान ३ मिमी नक्षी हवी. नसेल, तर चारही बदला.

८. वेगवेगळ्या कंपन्यांचे टायर एकत्र चालतात का?

एका ॲक्सलवरचे दोन्ही टायर एकच कंपनी, एकच मॉडेल आणि जवळपास सारख्या झिजेचे हवेत. पुढची जोडी एका कंपनीची आणि मागची दुसरीची असेल, तर चालते. ऑल व्हील ड्राइव्ह, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणाऱ्या गाडीत मात्र चारही टायर सारखेच ठेवा. व्यासातल्या थोड्या फरकानेही तिथल्या गिअरव्यवस्थेवर सतत ताण येतो.

९. एक साइज मोठा टायर टाकला तर पकड वाढेल ना?

कोरड्या रस्त्यावर थोडी वाढते. पाण्यात रुंद टायर लवकर तरंगतो, मायलेज घटते आणि स्टिअरिंग जड होते. तरीही करायचेच असेल, तर एकूण व्यासाचा हिशेब करा: रिमचा व्यास (इंच गुणिले २५.४) अधिक भिंतीच्या उंचीची दुप्पट.

स्विफ्टच्या खालच्या मॉडेलांवर येणारा १६५/८० आर १४ आणि वरच्यांवर येणारा १८५/६५ आर १५ घेऊ. पहिला ६१९.६ मिमी, दुसरा ६२१.५. फरक फक्त ०.३ टक्के. कंपनीनेच दिलेला असा बदल निर्धास्त करा (रिमही बदलावे लागेल). पण त्याच १५ इंची रिमवर १९५/६५ टाकला, तर व्यास ६३४.५ होतो, म्हणजे दोन टक्क्यांहून जास्त. स्पीडोमीटर तेवढा कमी वेग दाखवू लागतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा खड्ड्यात टायर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो. तीन टक्क्यांच्या पुढे तर जाऊच नका.

१०. उन्हाळ्यात हवा फुगते म्हणून दोन-तीन पीएसआय कमी भरायची असं पंपवाला सांगतो. बरोबर?

चूक, आणि धोकादायक चूक. समृद्धी महामार्गाला निघालेल्या वाचकांकडून हा प्रश्न सर्वाधिक येतो.

महामार्गावर टायर फुटतो तो बहुतेक वेळा हवा कमी असल्याने. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो आणि परत सरळ होतो. या सततच्या वाकण्याने आतले रबर आणि धागे तापतात. १२० च्या वेगाने, मेच्या दुपारी, भर काँक्रीटवर तास-दीड तास हे चालले की धाग्यांपासून रबर सुटते आणि टायर फाटतो.

गाडी थंड असताना, म्हणजे किमान तीन तास उभी राहिल्यावर किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आत, स्टिकरवरचा आकडा भरा. बहुतेक लहान गाड्यांना तो ३० ते ३५ पीएसआयच्या दरम्यान असतो. पाच माणसे आणि सामान असेल, तर स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो, तो घ्या. चालवल्यावर ३३ चे ३७-३८ झाले तर घाबरू नका. तापमान ५-६ अंशांनी वाढले की दाब साधारण १ पीएसआय वाढतो, आणि कंपनीने तो धरूनच आकडा दिलेला असतो. तापलेल्या टायरमधून हवा कधीही सोडू नका. टायरच्या भिंतीवर छापलेला ४४ किंवा ५१ पीएसआयचा आकडा ही कमाल मर्यादा आहे, भरायचा दाब नव्हे.

नायट्रोजनचेही इथेच सांगतो: साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळाला तर भरा. त्यासाठी पैसे मोजण्यापेक्षा पंधरा दिवसांनी हवा तपासणे जास्त कामाचे.

११. सीएनजी गाडीला किंवा इलेक्ट्रिकला वेगळे टायर लागतात का?

सीएनजीला टायर तेच, पण डिकीतल्या टाकीचे ५०-६० किलो वजन मागे कायम असते. बाहेरून किट बसवले असेल, तर जुन्या स्टिकरवरचा रिकाम्या गाडीचा दाब मागच्या टायरना पुरत नाही. मागे भरलेल्या गाडीचा आकडा ठेवा आणि रोटेशन (टायरच्या जागांची अदलाबदल, प्रश्न १५) वेळेवर करा.

इलेक्ट्रिक गाडी जड असते आणि निघतानाच पूर्ण जोर लावते, त्यामुळे टायर लवकर झिजतात. मूळ टायर 'एक्सएल', म्हणजे जादा भाराचा असेल, तर नवाही एक्सएलच हवा. टायर बदलल्यावर रेंज कमी झाली, अशी तक्रार अनेक जण करतात. मूळ टायर कमी रोलिंग रेझिस्टन्सचे असतात आणि नवे साधे घेतले जातात, हे त्याचे कारण. शिवाय नव्या खोल नक्षीने सुरुवातीला रेंज थोडी घटतेच.

१२. दुकानात टायर घेताना आणि बिल करताना काय बघायचं?

आयएसआय चिन्ह असलेच पाहिजे, मोटारीच्या टायरना ते सक्तीचे आहे. बनवल्याची तारीख रिमवर चढवण्याआधी चारही टायरवर बघा. सहा महिन्यांच्या आतला माल मागा. वर्षापर्यंतचा, सावलीत नीट ठेवलेला टायर घ्यायला हरकत नाही. त्याहून जुना असेल, तर नाही म्हणा किंवा भरपूर सूट घ्या.

नव्या टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. करासह ६,४०० रुपयांचा टायर मूळ किंमत तीच असेल, तर ५,९०० ला पडतो. जुने दरपत्रक दाखवले, तर हे लक्षात ठेवा. बिलावर मॉडेल, साइज आणि टायरचा अनुक्रमांक लिहून घ्या, वॉरंटीला तो लागतो. फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट आणि नवे व्हॉल्व्ह किमतीत आहेत का, ते आधीच विचारा. जुने टायर दुकानात ठेवणार असाल, तर त्यांचे पैसे बिलातून वजा करून घ्या.

१३. टायर बसवताना समोर उभं राहून काय तपासू?

- टायरवर बाण असेल, तर तो पुढे फिरण्याच्या दिशेने हवा. 'बाहेरची बाजू' असे इंग्रजीत लिहिले असेल, तर ते बाहेरूनच दिसायला हवे. घाईत हे उलटे बसते.
- रबरी व्हॉल्व्ह नवे टाकायला लावा. हवेच्या दाबाचे सेन्सर असतील, तर टायर काढण्याआधी तसे सांगा, नाहीतर लोखंडी पट्टीने ते तुटतात.
- पिवळा ठिपका व्हॉल्व्हजवळ यावा. तो टायरची हलकी बाजू दाखवतो, त्यामुळे बॅलन्सिंगला वजन कमी लागते.
- मशीनवर शून्य आले, ते स्वतः पाहा. ८०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरले, तर बॅलन्सिंग पुन्हा करून घ्या.
- नट शेवटी टॉर्क पान्यानेच आवळावेत. नुसत्या हवेच्या गनने ते गरजेपेक्षा जास्त आवळले जातात आणि रस्त्यात स्टेपनी लावताना सुटत नाहीत. ८०-१०० किमीनंतर पुन्हा तपासा.

पहिले २००-३०० किमी सावकाश चालवा. नव्या रबरावर साच्यातला गुळगुळीत थर असतो.

१४. अर्ध्या किमतीत सेकंडहँड किंवा रिमोल्ड टायर मिळतात. घेऊ का?

नको. ट्रकसाठी रिमोल्डिंग (जुन्या टायरवर नवी नक्षी चढवणे) रूढ आहे, मोटारीसाठी आम्ही सुचवत नाही. सेकंडहँडमध्ये आतून केलेली दुरुस्ती बाहेरून दिसत नाही. झिजलेल्या टायरवर खोबणी पुन्हा कोरून विकलेला माल तर सरळ जीवघेणा, कारण खोबणीखालचा थर तेवढा पातळ झालेला असतो. पैसे कमी असतील, तर चांगले दोन नवे घ्या (प्रश्न ७).

१५. माझी गाडी टायर खाते. का?

झीज कुठे आहे, त्यावरून कारण सांगता येते. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत, तर हवा कमी. मध्य झिजला आणि कडा शाबूत, तर हवा जास्त. फक्त आतली किंवा बाहेरची कड गेली, तर अलाइनमेंट. हात फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखे लागले, तर चाकांचा टो (पुढच्या कडांचा आत-बाहेर कल) बिघडलेला आहे. ठिकठिकाणी वाट्यांसारखे खड्डे पडले, तर शॉक ॲब्सॉर्बर संपत आले आहेत. त्यात अलाइनमेंटवर पैसे घालवून उपयोग नाही.

दर ८,००० ते १०,००० किमीला रोटेशन करा: पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या गाडीत पुढचे सरळ मागे, मागचे डावे-उजवे अदलाबदल करून पुढे. बाण असलेले टायर मात्र बाजू न बदलता पुढे-मागे करायचे. मोठा खड्डा आदळला, तर ठरलेल्या किलोमीटरची वाट न पाहता अलाइनमेंट तपासा.

१६. टायरच्या बाजूला फुगा आलाय. आणि पंक्चर कुठवर काढता येतं?

फुगा म्हणजे आतले धागे तुटले आहेत. दुरुस्ती नाही, टायर बदला, आणि तोवर स्टेपनी लावा. पंक्चर नक्षीच्या भागात आणि ६ मिमीपर्यंतचे असेल, तर निघते. बाजूच्या भिंतीवर किंवा खांद्यावर असेल, तर नाही. बाहेरून खुपसलेली दोरी ही तात्पुरती सोय समजा. टायर उतरवून आतून बसवलेला मशरूम पॅच टिकतो.

रिमच्या कडेने हवा जाते म्हणून ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब घालायचा सल्ला मिळाला, तर ऐकू नका. आत घर्षणाने उष्णता वाढते आणि ट्यूब फुटली की हवा एका क्षणात जाते. वाकलेली लोखंडी रिम सरळ करा, तडा गेलेली अलॉय बदला.

१७. खड्ड्यात टायर फाटला. वॉरंटी किंवा विमा मिळेल?

कंपनीची नेहमीची वॉरंटी निर्मितीतल्या दोषासाठी असते, आणि भरपाई उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात मिळते. खड्ड्याचे नुकसान त्यात येत नाही. काही कंपन्या ठरावीक मॉडेलांवर त्याचीही हमी देतात, म्हणून खरेदीच्या वेळीच विचारून ठेवा. सर्वसमावेशक विम्यात नुसत्या टायरचे नुकसान भरून मिळत नाही. त्याच घटनेत गाडीचेही नुकसान झाले असेल, तर टायरच्या किमतीच्या ५० टक्क्यांपर्यंत मिळते. टायरसाठी वेगळे जोड-संरक्षण घेतले असेल, तर त्याच्या अटी लागू होतात.

१८. स्टेपनी पाच वर्षं हातच लावलेली नाही. नव्या सेटमध्ये ती धरू का?

तारीख बघून ठरवा. नवे टायर दोनच घेणार असाल, तर न वापरलेल्या जुन्या स्टेपनीशी नव्याची जोडी लावू नका. दोन्हींच्या रबराचे वय आणि पकड वेगळी असते. स्टेपनी मूळ साइजची नसून लहान किंवा अरुंद असेल, तर ती फक्त पुढच्या टायर दुकानापर्यंतच. अरुंद तात्पुरत्या चाकावर ८० च्या वर जायचे नाही. तिच्यातली हवा महिन्याला एकदा बघा. २०२० च्या नियमबदलानंतर दाबाचे सेन्सर आणि पंक्चर किट असलेल्या काही गाड्यांना स्टेपनी मिळतच नाही. अशा गाडीतल्या किटमधल्या द्रावणाची मुदत तपासा, ती संपलेली असू शकते.